परसातल्या मासळी हौदाला बाहेरचा फिल्टर कोणता?

परसात सिमेंटचा हौद बांधून त्यात गोल्डफिश किंवा कोई वाढवायचे, बोटभर झाले की विकायचे, असं काम बऱ्याच गटांनी हाती घेतलंय. त्यातला एक प्रश्न आमच्यापाशी नेहमी येतो: हौदाबाहेर ठेवायचा फिल्टर कोणता घ्यावा? आज तेवढंच बोलू.

पहिलं म्हणजे, सगळ्यांना हा खर्च लागत नाही. तुमच्याकडे फक्त गप्पी, मॉली असतील तर हवेच्या छोट्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो. गोल्डफिश आणि कोई मात्र खादाड. खातात भरपूर आणि घाणही तेवढीच करतात. बाहेरचा फिल्टर लागतो तो त्यांच्यासाठी.

आता फिल्टर करतो काय, ते समजून घेऊ. आपल्याला वाटतं, पाणी गाळतो. गाळतो खरा, पण ते अर्धंच काम. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं नितळ असतं आणि सकाळी मासे पालथे पडलेले असतात, ते यामुळंच. हा अमोनिया संपवतात जिवाणू. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना बरंच कमी बाधतं. हे जिवाणू कशाला तरी चिकटून राहतात आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो. म्हणून फिल्टर घेताना तो पाणी किती स्वच्छ करतो एवढंच विचारू नका. त्यात जिवाणूंना चिकटायला जागा किती, आणि वीज गेली की त्यांचं काय होणार, हे विचारा.

आधी हौदाचं माप काढा. समजा हौद ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि पाणी २ फूट खोल. तिन्हींचा गुणाकार ८० घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी मावतं, म्हणजे हौद सव्वादोन हजार लिटरचा. हे सगळं पाणी निदान दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरलं पाहिजे. मासे दाट असतील तर तासाला एकदा.

पंपाच्या खोक्यावरच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. ‘ताशी २००० लिटर’ लिहिलेलं असतं, ते पाणी वर चढवायचं नसेल तेव्हाचं. खोक्यावर उंचीही दिलेली असते. तेवढ्या उंचीवर पंप थेंबही टाकत नाही, आणि तिच्या अर्ध्यावर धार निम्म्याच्या आसपास येते. खरी धार मोजायला एक बादली पुरे. २० लिटरची बादली एका मिनिटात भरली, तर ताशी १२०० लिटर. पंप रात्रंदिवस चालणार, म्हणून वॅटही बघा. ३५ वॅटचा पंप महिन्याला साधारण २५ युनिट खातो. विहिरीवरची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर कुणी वापरा म्हणालं तर हिशेब करा, तीच महिन्याला अडीचशे युनिटांच्या वर जाते. आणि वीज पाण्यात उतरते आहे, तेव्हा अर्थिंग हवंच, करंट उतरला की लगेच तुटणारा ट्रिपर हवा. प्लग काढल्याशिवाय हौदात हात घालायचा नाही, मुलांनीही नाही.

दुकानात बहुधा पहिल्यांदा दाखवतात तो झाकणबंद प्रेशर फिल्टर. त्यात अतिनील दिवाही असतो. जागा कमी लागते, दिव्यानं हिरवं पाणी साफ होतं. पण हिरवं पाणी माशांना सहसा बाधत नाही, आणि ते कमी करायला वर हिरवी शेडनेट बांधली तरी फरक पडतो. हा फिल्टर महाग, दिवा ठरावीक काळानं बदलावा लागतो. बंद डब्यात वीज गेली की जिवाणू गुदमरतात. गावाकडं आम्ही तो घेऊ नका असंच सांगू.

दुसरा, घरी बनणारा, २०० लिटरच्या निळ्या ड्रमचा. ड्रम औषध-फवारणीचा नको, खाद्यपदार्थांचाच घ्या. तो विटांच्या ओट्यावर ठेवा, म्हणजे पाणी आपोआप हौदात परत येईल. पंपाचा पाइप ड्रमच्या काठावरून आत, थेट तळापर्यंत सोडा. पाणी खालून वर चढतं, गाळ तळाशी बसतो. तळाला गाळ सोडायला मोठा कॉक लावा. आतल्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या वर एक बारीक भोक पाडा. नाहीतर वीज गेली की ड्रममधलं पाणी गाळासकट उलटं हौदात जातं. परतीचा पाइप येणाऱ्या पाइपाच्या दुप्पट जाड हवा: येताना एक इंच, तर जाताना दोन इंच. तो तुंबला तर ड्रम भरून वाहतो आणि हौद रिकामा होतो. म्हणून पंपही तळापासून वीतभर उंच विटांवर ठेवा, तेवढं पाणी तरी माशांना उरतं.

आत काय भरायचं? खडी भरू नका. ती स्वस्त आहे, पण गाळानं चोंदते आणि साफ करताना शंभरेक किलो उपसावी लागते. ते कुणाच्या कमरेवर येणार, हे आपल्याला ठाऊक आहे. प्लास्टिकच्या नव्या घासण्या (तारेच्या नकोत) किंवा वायरिंगच्या पाइपचे बारीक तुकडे कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत भरा. एका हातानं उचलता येतात. ड्रमचं तोंड बारीक जाळीनं बांधा, नाहीतर डास होतील.

आणि तिसरा प्रकार, ज्यांच्याकडं सहा-आठ तास वीज नसते त्यांच्यासाठी. भाजीचे तीन क्रेट एकावर एक रचून हौदावर घोडीवर ठेवा. त्यात त्याच घासण्या भरा. वरून भोकं पाडलेल्या पाइपनं पाणी शिंपडलं जाऊ द्या. हे पाणी झिरपत खाली पडतं, येताना हवा घेऊन येतं. इथं जिवाणू पाण्यात बुडालेले नसतात, ओले राहून हवेवर जगतात, त्यामुळं वीज गेली तरी टिकतात. फार वेळ गेली तर दर तासाला हौदातल्या दोन-चार बादल्या पाणी वरून ओता. माशांनाही त्यातून हवा मिळते. तोटे दोन: उन्हाळ्यात पाणी जास्त उडतं, आणि सगळ्यात वरच्या क्रेटमधला स्पंज रोज धुवावा लागतो. तरीही भारनियमनाच्या गावात आम्ही हाच सुचवू.

ड्रमवाल्यांनी वीज बराच वेळ गेली तर तळाचा कॉक उघडून पाणी सोडून द्यावं. पिशव्या ओल्या राहतील, हवेत राहतील. वीज आल्यावर हौदात साठलेलं कुजकं पाणी जाणार नाही. वीज नसताना माशांना खाद्य घालू नका.

नवा फिल्टर लगेच काम करत नाही. जिवाणू वाढायला महिना-दीड महिना लागतो. तोवर मासे थोडे सोडा, खाद्य चिमटीनं द्या, दोन-तीन दिवसांनी पाव हौद पाणी बदला. ओळखीच्या गटाच्या निरोगी हौदातल्या फिल्टरमधली एखादी पिशवी आणलीत तर विरजणासारखी उपयोगी पडते. ती ओली ठेवून त्याच दिवशी आणा. अमोनिया मोजायचं थेंबांचं किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं, गटात एक असू द्या.

पिशव्या कधीही साबणानं किंवा नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं धुवू नका, जिवाणू मरतात. हौदाचंच पाणी बादलीत घेऊन खळबळा, आणि एका वेळी निम्म्याच धुवा. ते गढूळ पाणी आणि कॉकमधून निघालेला गाळ अळूला, केळीला घाला. नायट्रेटही तिथंच जातं.