समुदाय-संचालित सामाजिक माध्यमांवरील प्रतिमांचे संचयन : खर्च व जोखीम

प्रस्तावना :
व्यापारी कंपन्यांच्या सामाजिक माध्यमांना पर्याय म्हणून वापरकर्त्यांच्या समुदायांनी स्वतः चालविलेली माध्यमे गेल्या दशकात उदयास आली. २०१६ मध्ये सुरू झालेले मॅस्टोडॉन हे त्यांतील सर्वांत परिचित होय. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातील अनेक ट्विटर वापरकर्ते, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलल्यानंतर जगभरातील वापरकर्ते मॅस्टोडॉनकडे वळले. येथे एकच मध्यवर्ती कंपनी नसते. अनेक स्वतंत्र सर्व्हर परस्परांशी जोडलेले असतात व त्यांपैकी बहुतेक स्वयंसेवक देणग्यांवर चालवितात. या व्यवस्थेत प्रतिमांमुळे निर्माण होणाऱ्या भाराचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खर्चाचे स्वरूप :
मॅस्टोडॉनवरील नोंदीची मूळ मर्यादा ५०० अक्षरचिन्हांची आहे. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट जागा घेते. म्हणजे पूर्ण लांबीची मराठी नोंद सुमारे दीड किलोबाइटची होते. याउलट ३०० किलोबाइटचे एक साधारण छायाचित्र अशा २०० नोंदींइतकी जागा व्यापते.

येथे एक बाब विशेष लक्षात घेतली पाहिजे. एखादा सदस्य अन्य सर्व्हरवरील व्यक्तीचे अनुसरण करू लागला, की त्या व्यक्तीने प्रसिद्ध केलेल्या चित्राची प्रत सदस्याच्या सर्व्हरवरही साठविली जाते. उदाहरणार्थ, दररोज अशी २०,००० चित्रे आल्यास ६ गिगाबाइट, तर महिन्यास १८० गिगाबाइट जागा लागेल. त्यांतील बहुतांश चित्रे स्थानिक सदस्यांची नसतात. साठवणुकीखेरीज ती दर्शकांपर्यंत पोहोचविण्याचा खर्च वेगळाच. यास्तव चालक बाहेरून आलेल्या प्रती ठरावीक दिवसांनी पुसून टाकतात.

जोखमीचे स्वरूप :
खर्चापेक्षा जोखीम अधिक गंभीर आहे. जुलै २०२३ मध्ये स्टॅनफर्ड इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीने मॅस्टोडॉनच्या लोकप्रिय सर्व्हरवरील दोन दिवसांच्या सुमारे सव्वातीन लाख नोंदी तपासल्या. त्यांत बाल-लैंगिक शोषणाच्या ज्ञात चित्रांची ११२ उदाहरणे आढळली. ऑगस्ट २०२३ मध्ये लेमी या अन्य माध्यमाच्या सर्वांत मोठ्या सर्व्हरवर समाजकंटकांनी हेतुतः अशी चित्रे टाकली. त्यांच्या प्रती जोडलेल्या सर्व्हरवरही पोहोचल्याने काही चालकांना अलीकडची सर्वच चित्रे नष्ट करावी लागली. ज्याने चित्र टाकले नाही, पाहिलेही नाही, त्याच्या संगणकावर ते असू शकते, हे या रचनेचे वैशिष्ट्य आहे.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७ब नुसार अशा साहित्याचे प्रकाशन, प्रसारण व संकलन दंडनीय आहे. कलम ७९ मध्यस्थास संरक्षण देते. परंतु ते योग्य दक्षता व तत्पर कार्यवाहीच्या अटींवर अवलंबून असते. मोठ्या कंपनीकडे यासाठी विधी विभाग असतो. स्वयंसेवकाकडे नोकरीनंतर उरलेला वेळ असतो.

पीडित व्यक्तीची अडचण याहून मोठी आहे. मूळ चित्र काढल्यावर ते पुसण्याची सूचना इतर सर्व्हरना जाते. तथापि प्रत्येक सर्व्हर ती पाळेलच, याची हमी नसते. संमतीविना प्रसृत झालेले एखाद्या स्त्रीचे छायाचित्र मागे घेणे त्यामुळे दुष्कर ठरते.

उपाययोजना :
१. अपरिचितांना मुक्त नोंदणी न देता नोंदणीस पूर्वमान्यता आवश्यक करावी.
२. बाहेरील प्रतिमा साठविण्याची मुदत अल्प ठेवावी. बेजबाबदार सर्व्हरवरील प्रतिमा नाकारण्याची सोय वापरावी.
३. ज्ञात चित्रांच्या अंकीय ठशांशी प्रतिमा जुळवून पाहणारी तंत्रे वापरावीत. फोटोडीएनए हे त्यांतील परिचित तंत्र २००९ मध्ये विकसित झाले. नवीन चित्रे मात्र अशा जुळणीतून निसटतात. म्हणून मानवी देखरेख अटळ आहे.
४. तक्रार स्वीकारणारी व्यक्ती आणि तिच्या अनुपस्थितीत काम पाहणारी दुसरी व्यक्ती आधीच निश्चित करावी.

समारोप :
समुदाय-संचालित माध्यमांत स्वायत्ततेसोबत उत्तरदायित्वही समुदायाकडे येते. मजकुरापुरता हा भार सुसह्य असतो. प्रतिमांमुळे तो अनेक पटींनी वाढतो. म्हणूनच एखाद्या महाविद्यालयाने वा अभ्यासमंडळाने असे माध्यम सुरू करण्याचे योजिल्यास, सर्व्हरच्या भाड्याआधी प्रतिमांची जबाबदारी कोण घेणार, याचा निर्णय व्हावा. त्याचे उत्तर मिळेपर्यंत केवळ मजकुराचे, परस्परांपुरते माध्यम चालविणे अधिक श्रेयस्कर ठरते.