अळंबीतले सत्त्व : ओले आणि वाळलेले



"डाळीपेक्षा अळंबीत प्रथिने जास्त," असे हल्ली गावोगावी ऐकू येते. त्यात तथ्य किती, ते आम्ही येथे मांडत आहोत.

ताज्या अळंबीत शंभरात नव्वद भाग पाणीच. १०० ग्रॅम ताज्या बटन अळंबीत प्रथिने सुमारे ३ ग्रॅम, धिंगरीतही जवळपास तेवढीच. जपानी शिताकेत २ ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच कोरड्या तूरडाळीत मात्र सुमारे २२ ग्रॅम! वाळवलेली धिंगरी डाळीच्या बरोबरीला येते खरी. पण किलोभर सुकी धिंगरी व्हायला दहाएक किलो ताजी लागते. सुक्याचा आकडा ओल्याला लावला की गफलत झालीच. पोराबाळांच्या ताटातली डाळ काढून अळंबी वाढली, तर नुकसान आपलेच.

मग अळंबी कुचकामी का? मुळीच नाही. धिंगरीत चोथा बटनच्या दुपटीहून जास्त. लोह आणि नायसिन हे 'ब' गटातले जीवनसत्त्वही अधिक. चरबी नाममात्र. ताजी अळंबी चिरून दुपारच्या उन्हात तासभर ठेवली, की तिच्यात 'ड' जीवनसत्त्व तयार होते.

बटनला गारवा आणि कंपोस्ट लागते. धिंगरी २० ते ३० अंशांत, बारीक तोडून गरम पाण्यातून काढलेल्या उसाच्या पाचटावरही येते. पाचटाला काडी लावण्याआधी एवढा विचार जरूर करावा.

रानातली अनोळखी छत्री मात्र चुलीवर चढवू नये. काही विषे शिजवूनही जात नाहीत.