कवीचे नाव शेवटच्या कडव्यात असते

अलीकडच्या काही वर्षांत आंबेडकरी चळवळीने आपले मोठे आवाज गमावले. लोककवी हरेंद्र जाधव २०२२ च्या एप्रिलमध्ये गेले. वामनदादांचे शिष्य, मुक्ताईनगरचे प्रतापसिंग बोदडे गेले. ६ ऑगस्ट २०२३ ला हैदराबादला गदर गेले. प्रत्येक वेळी दोन दिवस मोबाईलवर फोटो फिरले, स्टेटसवर आदरांजली आली आणि मग सगळे शांत झाले.

वस्त्यांमध्ये तरुणांसोबत काम करताना आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो. जयंतीच्या मिरवणुकीत ज्या गाण्यांवर तुम्ही नाचता, ती लिहिली कोणी? गायकाचे नाव लगेच येते. कवीचे नाव क्वचितच कुणाला सांगता येते. ही मुले बेपर्वा आहेत असे आम्हाला वाटत नाही. नाव हरवते त्याला कारणे आहेत.

आपल्या गीतांत कवी आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. संतांच्या अभंगांत ते आहे, कव्वालीत आहे, तसेच भीमगीतांतही आहे. वामनदादांच्या गाण्यात शेवटी ‘वामन’ येतो. ज्या समाजाला अक्षरओळख नाकारली गेली होती, त्याच्यासाठी ही मुद्राच कवीची सही होती. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून हे गाणे कानावाटे पसरले, छापील पुस्तक फार कमी घरांत होते. खुद्द वामनदादा मुंबईत आल्यावर, मोठेपणी लिहायला-वाचायला शिकले. आता डीजेवर गाणे धृपद आणि एका कडव्यात संपते. शेवटचे कडवे वाजतच नाही आणि त्याच्याबरोबर सहीही जाते.

कॅसेटच्या काळात निदान आतल्या कागदावर गीतकार, संगीतकार, गायक अशी नावे असत. तीच गाणी इंटरनेटवर चढवली गेली तेव्हा अनेकदा तो कागद मागेच राहिला. खाली नाव असते चढवणाऱ्याच्या चॅनेलचे!

यात भावनेइतकाच पोटाचाही प्रश्न आहे. आपल्या देशात गीतावरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांकडे राहू शकतो. अनेक कवींनी एकरकमी पैसे घेऊन गाणी देऊन टाकली, तो भाग वेगळा. पण २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा मानधनातला वाटा कायद्याने राखून ठेवला. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीत वारसांनाही नोंद करता येते. मात्र गाणे आमच्या वडिलांचेच, हे दाखवायला काहीतरी हाती लागते: हस्ताक्षरातली वही, कॅसेटचा कागद, जुनी पत्रिका. घर बदलताना नेमके हेच रद्दीत जाते. शासनाचे ज्येष्ठ कलावंत मानधनही आहे, आणि कलावंत गेल्यावर ते पतीला किंवा पत्नीला चालू राहू शकते. जलदान विधीला जमलेल्या माणसांपैकी कुणीतरी हे त्या घरात सांगायला हवे. आम्हाला तरी ते पाचव्या भाषणापेक्षा महत्त्वाचे वाटते.

स्मरणाच्या चांगल्या रीतीही आपल्याकडे आहेत. गदरांना अलवालमध्ये त्यांनीच उभ्या केलेल्या महाबोधी विद्यालयाच्या आवारात ठेवले गेले, म्हणजे रोज तिथे मुले येतात. शाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच कोसळले. त्यांचे गाणे त्यांच्या मुलांनी पुढे नेले. प्रल्हाद शिंदे वामनदादांच्या पाठोपाठ, २००४ च्या जूनमध्ये गेले. त्यांच्या घरातली तिसरी पिढी आज गाते आहे. पण प्रत्येक शाहिराच्या घरात गाणारे कुणी असतेच असे नाही.

विलास घोगरेंचे उदाहरण आम्हाला सारखे आठवते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, १० माणसे मारली गेली. त्यानंतर चारच दिवसांनी घोगरेंनी आपले जीवन संपवले. आज त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येतो, कारण आनंद पटवर्धनांनी तो आधीच चित्रित करून ठेवला होता. पुढे ‘जय भीम कॉम्रेड’मधून तो नव्या पिढीपर्यंत गेला. कुणीतरी वेळेवर कॅमेरा धरला होता, एवढीच ती गोष्ट.

तुमच्या तालुक्यातही सत्तरी ओलांडलेले कुणी शाहीर, कुणी गायिका असतील. त्यांच्याकडे जा, मोबाईल समोर ठेवा आणि गाणे पूर्ण घ्या, शेवटच्या कडव्यासकट. गाणे कोणत्या प्रसंगासाठी रचले, चाल कुणाची, पहिल्यांदा कुठे म्हटले, हे त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करा. वहीच्या पानांचे फोटो काढून वही घरच्यांकडेच परत द्या. आणि साथीला कोण होते तेही विचारा. ढोलकीवाल्याचे आणि कोरसमधल्या बायांचे नाव कॅसेटच्या कागदावरही बहुतेक नसायचे.