विद्यापीठाची अब्रू



मुलाला अगर मुलीला आखाड्यात, पोहण्याच्या तलावावर किंवा व्यायामशाळेत पाठवताना आईबाप फार मोठा विश्वास दुसऱ्याच्या हवाली करीत असतात. गणिताचा शिक्षक मुलाच्या वहीला हात लावतो. खेळाचा शिक्षक त्याच्या शरीराला लावतो. पाठ वाकवणे, खांदा फिरवणे, लचकलेला पाय चोळणे हे त्याचे कामच असते. त्यामुळे त्या हाताने मर्यादा सोडली तर मुलाला ते चटकन ओळखता येत नाही, आणि ओळखले तरी सांगता येत नाही. अशी तक्रार उशिरा येते, अडखळत येते, आणि पुष्कळदा एखाद्या नावाजलेल्या माणसाविरुद्ध येते. ती आली म्हणजे संस्थेने काय करावे, हा आजचा विषय आहे. तो मी एका अमेरिकन विद्यापीठाच्या उदाहरणावरून मांडणार आहे. कारण तेथील साक्षी, निकाल आणि अहवाल आज जगापुढे आहेत, आणि संस्थेचे पाऊल नेमके कोठे घसरते ते त्यांतून स्वच्छ दिसते.

मिशिगन राज्यात ईस्ट लॅन्सिंग येथे मिशिगन स्टेट विद्यापीठ आहे. १८५५ साली ते शेतकीचे महाविद्यालय म्हणून स्थापन झाले आणि पुढे अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत गणले जाऊ लागले. अमेरिकेत विद्यापीठाचा खेळ हा विद्यार्थ्यांचा संध्याकाळचा विरंगुळा राहिलेला नाही. त्यावर देणग्या येतात, गावाचा अभिमान पोसला जातो आणि विद्यापीठाचे नाव घरोघर पोचते. अशा ठिकाणी लॅरी नॅसर हा डॉक्टर १९९७ पासून अध्यापक होता. विद्यापीठाच्या खेळाडूंवर तो उपचार करी, शिवाय अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला जिम्नॅस्टिक्स संघाचाही तो डॉक्टर होता. ऑलिंपिकला जाणाऱ्या मुलींचा डॉक्टर म्हणून दूरदूरच्या गावांहून आईबाप आपल्या मुली त्याच्याकडे आणीत. उपचाराच्या मिषाने तो त्या मुलींवर लैंगिक अत्याचार करीत होता. काही वेळा मुलीची आई त्याच खोलीत बसलेली असे. तिला काही दिसू नये अशा बेताने तो उभा राही.

१९९७ सालीच आपण ही गोष्ट विद्यापीठातील जिम्नॅस्टिक्सच्या प्रशिक्षिकेच्या कानावर घातली होती, असे दोन मुलींनी पुढे मोठेपणी सांगितले. त्या प्रशिक्षिकेने मात्र असे काही आठवत नसल्याचे म्हटले. नंतरच्या वर्षांतही काही खेळाडूंनी आपल्या भोवतालच्या वडीलधाऱ्यांना सांगून पाहिले. त्यांना मिळालेले उत्तर साधारण एकच होते: डॉक्टर मोठा आहे, उपचार नवा आहे, तुझा काहीतरी गैरसमज झाला आहे. तक्रार करणारी मुलगी सोळा वर्षांची आणि जिच्याविषयी बोलायचे ती व्यक्ती जगप्रसिद्ध, असा तो सामना होता.

सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मात्र २०१४ सालची आहे. त्या वर्षी विद्यापीठाच्याच एका पदवीधर तरुणीने रीतसर तक्रार केली. कंबरेच्या दुखण्यासाठी ती नॅसरकडे गेली होती. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणारा १९७२ चा एक कायदा अमेरिकेत आहे. त्याखाली विद्यापीठात चौकशीचे स्वतंत्र कार्यालय होते. म्हणजे यंत्रणा होती, नियम होते, अधिकारी होते, आणि चौकशी झालीही. जुलै २०१४ मध्ये निष्कर्ष निघाला की डॉक्टरचे वर्तन वैद्यकीय उपचाराचा भाग होते. त्यात गैर काही नाही.

हा निष्कर्ष कसा निघाला ते पाहिले पाहिजे. उपचार योग्य होता की नाही हे ठरवण्यासाठी चौकशी अधिकाऱ्याने काही तज्ज्ञांचे मत घेतले, आणि हे सगळे तज्ज्ञ त्याच विद्यापीठातील, नॅसरच्या ओळखीचे व सहवासातले होते. आपल्याकडे म्हणतात, सोनारानेच कान टोचलेले बरे. जवळच्या माणसाचा हात तेथे थरथरतो. त्या तज्ज्ञांनी जाणूनबुजून खोटे सांगितले असे म्हणण्याची गरज नाही. वर्षानुवर्षे शेजारी बसून काम केलेल्या माणसाविषयी असे काही मनात आणणेच माणसाला जड जाते. म्हणून तर चौकशी बाहेरच्या माणसाने करायची असते.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. अहवाल दोन तयार झाले. तक्रारदार तरुणीला जो मिळाला त्यात डॉक्टर निर्दोष असल्याचे होते. विद्यापीठात राहिलेल्या दुसऱ्या, अधिक तपशीलवार अहवालात आणखी काही वाक्ये होती. ह्या उपचारपद्धतीमुळे रुग्णांना विनाकारण मानसिक आघात पोचू शकतो आणि दवाखाना कायदेशीर जबाबदारीत सापडू शकतो, अशा अर्थाची ती वाक्ये होती. म्हणजे धोका विद्यापीठाला दिसला होता. परंतु जिला सांगायला हवे होते तिलाच तो सांगितला गेला नाही.

तिसरी गोष्ट अंमलबजावणीची. नॅसरला कामावर परत घेताना काही अटी घालण्यात आल्या. नाजूक तपासणीच्या वेळी खोलीत तिसरी व्यक्ती असावी, शरीराला होणारा स्पर्श शक्य तेवढा कमी असावा, उपचार रुग्णाला आधी नीट समजावून सांगावा, अशा त्या होत्या. त्या पाळल्या जातात की नाही हे कोणी पाहिले नाही. दवाखान्यातील सहकाऱ्यांनाही त्या नीट कळवलेल्या नव्हत्या. ह्या हलगर्जीपणासाठी त्या महाविद्यालयाचे अधिष्ठाते विल्यम स्ट्रॅम्पेल यांना २०१९ साली न्यायालयाने कर्तव्यच्युतीच्या आरोपावर दोषी धरले आणि तुरुंगवास दिला. पण त्याआधी दोन वर्षांहून अधिक काळ नॅसर रुग्ण तपासत राहिला, आणि त्या काळात आणखी मुली त्याच्या हाती सापडल्या. २०१४ ची चौकशी नीट झाली असती तर ह्या मुली वाचल्या असत्या.

अखेर वाचा फुटली ती विद्यापीठाबाहेर. रेचल डेनहॉलंडर ह्या पूर्वीच्या जिम्नॅस्ट पुढे वकील झाल्या होत्या. त्यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये पोलिसांकडे फिर्याद दिली आणि 'इंडियानापोलिस स्टार' ह्या वृत्तपत्राला आपले नाव देऊन हकीकत सांगितली. सप्टेंबरमध्ये ती छापून आली आणि त्याच महिन्यात विद्यापीठाने नॅसरला बडतर्फ केले. पाठोपाठ शेकडो मुली व स्त्रिया पुढे आल्या. जानेवारी २०१८ मध्ये न्यायाधीश रोझमेरी ॲक्विलिना यांच्यापुढे सात दिवस १५६ जणींची निवेदने झाली, आणि नॅसरला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. त्याआधी लहान मुलांच्या अश्लील चित्रांच्या गुन्ह्यासाठी संघराज्याच्या न्यायालयाने त्याला ६० वर्षांची शिक्षा दिलेली होतीच.

येथे गुन्हेगाराची गोष्ट संपते. विद्यापीठाची संपत नाही. शिक्षा झाली त्याच दिवशी, २४ जानेवारी २०१८ रोजी, विद्यापीठाच्या अध्यक्षा लू ॲना सायमन यांनी राजीनामा दिला. आपल्याकडील कुलगुरूंसारखे हे पद. राजीनाम्याच्या पत्रात त्यांनी म्हटले की अशा शोकान्तिकांना राजकीय रूप येते आणि दोष देणे अटळ होते. पीडित मुलींना ह्या शब्दांत पश्चात्तापापेक्षा बचावच अधिक दिसला. पुढे पोलिसांशी खोटे बोलल्याचा खटला त्यांच्यावर भरण्यात आला, पण २०२० साली न्यायालयाने तो काढून टाकला.

त्यांच्या जागी राज्याचे माजी गव्हर्नर जॉन एंगलर यांना हंगामी नेमण्यात आले. त्यांच्या कारकिर्दीत, मे २०१८ मध्ये, ५० कोटी डॉलरची तडजोड झाली. पुढे आलेल्या ३३२ जणींसाठी साडेबेचाळीस कोटी आणि नंतर येणाऱ्यांसाठी साडेसात कोटी, अशी ती रक्कम होती. पैसा दिला, पण जानेवारी २०१९ मध्ये ह्याच एंगलर यांनी, पीडितांपैकी काही जणी प्रसिद्धीचा झोत उपभोगत आहेत, अशा आशयाचे उद्गार काढले आणि त्यांनाही पद सोडावे लागले. भरपाईने कायदेशीर देणे फिटते; मनात राहिलेला तुच्छभाव तिने झाकत नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या शिक्षण खात्याने विद्यापीठाला ४५ लाख डॉलर दंड केला आणि तक्रारींची व्यवस्था सुधारण्याचे बंधन घातले.

तरीही एक मूठ झाकलेलीच होती. कोणाला काय आणि केव्हा माहीत होते, ह्याचा तपास राज्याचे महाधिवक्ता कार्यालय करीत होते. वकील आणि अशील यांच्यातील गुप्ततेचा हक्क पुढे करून विद्यापीठाने सहा हजारांहून अधिक कागद त्यांच्यापासून अडवून धरले. ते देण्याचा ठराव विश्वस्तांनी केला डिसेंबर २०२३ मध्ये! २०२४ साली ते तपासून महाधिवक्त्यांनी जाहीर केले की नॅसरविषयी विद्यापीठाला काय ठाऊक होते, ह्यावर त्यांतून नवा प्रकाश पडत नाही. म्हणजे जे कागद देऊन टाकल्याने फारसे बिघडले नसते, ते दडवून विद्यापीठाने पाच-सहा वर्षांचा अविश्वास विकत घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. ही मूठ झाकून ठेवणे ५० कोटी डॉलरला पडले, आणि पीडितांच्या मनातला संशय वर राहिला तो निराळाच.

ह्याच्या शेजारी पेनसिल्व्हानियातील पेन स्टेट विद्यापीठ ठेवून पाहावे. फुटबॉलचा माजी सहप्रशिक्षक जेरी सँडस्की याला विद्यापीठाच्या स्नानगृहात एका मुलाशी गैरवर्तन करताना २००१ साली एका तरुण साहाय्यकाने पाहिले आणि ते वरिष्ठांच्या कानावर घातले. वरिष्ठांनी पोलिसांना वा बालसंरक्षण खात्याला न कळवता सँडस्कीलाच समज देण्याचे ठरवले. नोव्हेंबर २०११ मध्ये त्याला अटक झाली आणि चारच दिवसांत विश्वस्तांनी अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर व विख्यात प्रशिक्षक जो पॅटर्नो या दोघांनाही दूर केले. त्या रात्री विद्यार्थ्यांचा मोठा जमाव रस्त्यावर आला. प्रशिक्षक गेल्याच्या रागाने त्यांनी एका वृत्तसंस्थेची गाडी उलथवली. मुलांवर काय गुदरले ह्याचा विचार त्या क्षणी मागे पडला होता. तेथे पुढे प्रशिक्षकाचा पुतळा हलवला गेला आणि क्रीडासंघटनेने ६ कोटी डॉलर दंड केला. ह्या घाईत काही अतिरेकही झाला असेल. पण एक गोष्ट ह्या विद्यापीठाने केली: माजी न्यायाधीश लुई फ्री यांच्याकडे चौकशी सोपवली आणि जुलै २०१२ मध्ये तिचा अहवाल लोकांपुढे ठेवला. त्या अहवालावर वाद झाले आणि अजून होतात. परंतु वाद घालायला लोकांच्या हाती कागद तरी होता.

दोन्ही ठिकाणी मूळ चूक एकच दिसते. तक्रार कानावर येताच पहिला प्रश्न मनात आला तो "संस्थेचे काय होईल?" हा, "त्या मुलीचे, त्या मुलाचे काय होत आहे?" हा आला नाही. पहिला प्रश्न विचारला की वकील आठवतो, दुसरा विचारला की पोलीस आणि पालक आठवतात. संस्थेची अब्रू वाचवण्यासाठी पहिला प्रश्न विचारणाऱ्यांनीच ती घालवली.

आपल्या देशात याविषयीचे कायदे आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसते. २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणच्या अंतर्गत तक्रार समितीवर एक बाहेरची व्यक्ती असलीच पाहिजे आणि चौकशीचा अहवाल दोन्ही बाजूंना मिळाला पाहिजे. २०१५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी विद्यार्थ्यांच्या तक्रारीही त्या व्यवस्थेत आल्या. आणि तक्रार अठरा वर्षांखालील मुलाविषयी असेल तर २०१२ च्या बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. संस्थाचालकाने ते टाळले तर त्याला कैद होऊ शकते. ईस्ट लॅन्सिंगला जे तीन दोष घडले त्यांपैकी दोहोंवरचा इलाज आपल्या कायद्यात लिहिलेला आहे. तिसऱ्यावरचा, म्हणजे घातलेली अट पाळली जाते की नाही हे पाहण्याचा, इलाज कागदावर लिहून होत नाही. तो माणसांनीच करावा लागतो.

म्हणून येत्या सुटीत मुलाला क्रीडा-शिबिरात घालताना फी किती आणि पदके किती मिळाली ह्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: येथे तक्रार कोणाकडे करायची, आणि ती व्यक्ती प्रशिक्षकाच्या हाताखालची तर नाही ना? उत्तर देताना संचालक गोंधळले, तर ज्या दारातून मूल आत सोडायचे त्या दारातून त्याला परत घेऊन यायला संकोच करू नका.