मूळव्याधीवरील शस्त्रक्रियांचे तारतम्य

‘मूळव्याध’ या शब्दात रोगाच्या स्थानाचा निर्देश आहे. संस्कृत ‘अर्शस्’ या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती मात्र, शत्रूप्रमाणे पीडा देणारा, अशी यातनेवरून दिली जाते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती संशयास्पद असली, तरी रोग्याची बाजू तीत अधिक नेमकी उतरली आहे, हे मान्य करावयास हवे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले असून, बारीक मुळाचे, वर उचललेले व ओलसर मोड शस्त्राने काढावेत, असा विवेक केला आहे. उपायाची निवड मोडाच्या रूपावरून करावी, हे तत्त्व आजही सुटलेले नाही.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन व मॉर्गन यांनी १९३७ साली वर्णिलेल्या पद्धतीत मोड कापून त्याचे मूळ बांधतात आणि जखम उघडी ठेवून आपोआप भरू देतात. फर्ग्युसन यांच्या १९५९ च्या पद्धतीत ती शिवून घेतात. दोहोंतही जखम गुदद्वाराच्या संवेदनशील त्वचेपर्यंत येते. साहजिकच शौचाच्या वेळी होणाऱ्या वेदना कित्येक दिवस टिकतात.

पुढे १९७५ साली थॉमसन यांनी असे प्रतिपादन केले की, रक्तवाहिन्यांच्या या गाद्या निरोगी माणसातही असतात. त्या खाली घसरणे हाच रोग होय. तसे असेल, तर कापण्याऐवजी त्या वर ओढून बसवाव्यात, हा विचार ओघानेच येतो. इटलीतील लाँगो यांनी १९९८ साली मांडलेल्या पद्धतीत वरच्या भागातील श्लेष्मल त्वचेचे एक कडे यंत्राने कापून तेथेच धातूचे टाके घालतात. त्या भागाला वेदनेची जाणीव अल्प असते.

ही पद्धती लवकरच लोकप्रिय झाली. परंतु ‘वेदना कमी’ या विधानाला ‘केव्हा?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये ७७७ रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आरंभीच्या आठवड्यांत यंत्रपद्धतीच्या रुग्णांना त्रास कमी झाला, हे खरे. पण चोवीस महिन्यांनी त्यांच्यापैकी शेकडा ४२ जणांत विकार उलटला होता, तर जुन्या पद्धतीत हे प्रमाण शेकडा २५ होते. जीवनमान व खर्च या दोन्ही दृष्टींनीही जुनी पद्धतीच सरस ठरली. शिवाय यंत्रपद्धतीत क्वचित का होईना, ओटीपोटातील गंभीर जंतुसंसर्गाचे धोके आढळले आहेत.

अर्थात, लहान मोडांना बहुधा रबरी कड्याचा बंध पुरतो. हा वाद मुख्यतः आत न राहणाऱ्या मोठ्या मोडांपुरताच आहे.