मशीन घ्यायचंय? आधी वाडगा ठरवा!

‘‘साहेब, मशीन कोण चालवणार?’’ मुंबईतल्या एका दुकानात आम्हाला पहिला प्रश्न आला तो हा. तोही आमच्या ‘ह्यां’ना! हे बिचारे नुसते सोबतीला आलेले, पिशव्या धरायला. ‘‘मी चालवणार,’’ आमच्या बचत गटातली सर्वांत लहान मुलगी पुढे होऊन म्हणाली. दुकानदार हसला. ‘‘अरे वा! मग हे छोटं घ्या. बायकांना हलकंच बरं.’’

मैत्रिणींनो, हेच वाक्य ऐकून आम्ही ते हलकं मशीन घेतलं असतं, तर आज हा लेख लिहायला बसलेच नसते.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात वसईतल्या तिच्या वाडीत एक जुना फणस आडवा झाला. जळाऊ लाकूड म्हणून तो विकायला निघाले, तेव्हा ही पोरगी आडवी आली. फणसाचं लाकूड कसं पिवळंधमक असतं! वीणा-मृदंगाला चालतं ते लाकूड चुलीत का घालायचं? तिला त्याचे वाडगे करायचे होते. फळं ठेवायचे, सुका खाऊ ठेवायचे, भेट द्यायचे. त्यासाठी हवं होतं लाकूड फिरवणारं मशीन. कारखान्यात त्याला लेथ म्हणतात, सुतार खराद म्हणतात. आपल्याकडे हे काम करणाऱ्यांना पूर्वी कातारी म्हणत. हातानं चालवायच्या जुन्या खरादीला दोरी ओढायला दुसरं माणूस लागायचं. आता ते काम मोटार करते. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी, फळं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. गोल वस्तू घडवण्याची ती विद्या याच फिरत्या लाकडाची.

दूध पोळलेलं होतं...

तिनं गटाकडे कर्ज मागितलं आणि बैठकीत शांतता पसरली. कारण आमच्या गटाचं एक दुखणं आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही पापडाचं जुनं मशीन घेतलं. स्वस्तात मिळालं म्हणून खूष झालो. घरी आणल्यावर कळलं की त्याला थ्री-फेज वीज लागते! घरात सिंगल फेज. विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मशीन आजही जुन्या चादरीखाली बसलं आहे. हप्ते मात्र आम्ही सगळ्यांनी फेडले. एका बहिणीनं तर त्या पायी गटच सोडला. म्हणून यंदा ठरवलं, आधी शिकायचं, मग पैसे मोजायचे.

सुरुवात जवळूनच केली. वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ आहेत, तिथे गेलो. तिथले दादा म्हणाले, ‘‘ताई, आमचं लेथ लोखंड कापायचं. ते हत्यार मशीनच पकडतं. तुमच्या लाकडाच्या मशीनमध्ये हत्यार तुमच्या हातात असणार.’’ म्हणजे नाव एक, काम वेगळं. मग पलंगाचे पाय करणाऱ्या एका खरादवाल्यांकडे गेलो. त्यांचं मशीन लांबलचक. लाकूड दोन्ही टोकांना धरून फिरतं. लाटणं, पाळण्याचे खांब, चौरंगाचे पाय यासाठी उत्तम. पण वाडगा आतून कोरायचा तर एक बाजू मोकळी हवी ना! तिथे लाकूड एकाच बाजूनं, फेसप्लेटवर किंवा चार जबड्यांच्या चकमध्ये धरावं लागतं. या दोन भेटींत आमचा निम्मा अभ्यास झाला.

मग बघायचं काय?

मावणारा घेर : लांबीला भुलू नका. वाडग्यासाठी महत्त्वाचा असतो ‘स्विंग’, म्हणजे जास्तीत जास्त किती व्यासाचं लाकूड फिरू शकतं. १० इंच स्विंगच्या मशीनवर पूर्ण १० इंचाचा वाडगा होत नाही, थोडा लहानच होतो. आम्हाला ८-९ इंचांचे वाडगे हवे होते, म्हणून १२ इंच स्विंग ठरवला. आपल्याला काय करायचंय ते आधी कागदावर गोल काढून ठरवा. कंपासपेटी पोरांची चालते!

वजन : दुकानदाराचं ‘हलकं बरं’ इथे साफ चुकतं. ओबडधोबड लाकूड फिरायला लागलं की हलकं मशीन थरथरतं, सरकतं, हत्यार अडकतं. बिडाचा तवा आणि पत्र्याचा तवा यात जो फरक, तोच इथे. बिडाचं, जड मशीन घ्या. स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या की आणखी स्थिर. आणि मशीन रोज थोडंच उचलायचंय? उभं राहून चालवायचंय!

वेग : जास्तीत जास्त वेग किती, हे सगळेच सांगतात. तुम्ही विचारा, कमीत कमी किती? एक साधा हिशेब आहे. इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, हे उत्तर ६,००० ते ९,००० च्या दरम्यान असावं. म्हणजे ८ इंची वाडग्याला ७५० ते १,१२५ फेरे. पण हे गोल झालेल्या लाकडाचं. सुरुवातीला लाकूड वेडंवाकडं असतं, तेव्हा ५०० च्याही खाली जाता आलं पाहिजे. सुरुवातच ७०० पासून करणारं मशीन मोठ्या वाडग्याला नको.

मोटार आणि वीज : छोट्या वाट्यांना अर्धा हॉर्सपॉवर पुरतो. ९-१० इंचांच्या वाडग्याला एक हॉर्सपॉवर बरा. आणि सिंगल फेज की थ्री-फेज, ते पावतीवर लिहून घ्या. आम्ही पापडाच्या मशीनची फी भरून शिकलोय!

चकचे आटे : चक ज्या दांड्यावर बसतो त्याचे आटे निरनिराळ्या मापांचे असतात. मशीन एकाचं, चक दुसऱ्याचा आणि आटे जुळत नाहीत, असं होऊ शकतं. दोन्ही दुकानातच बसवून बघा.

उंची : हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. फिरत्या लाकडाचा मध्य साधारण आपल्या कोपराच्या उंचीला यावा. तयार स्टँड बहुधा उंच माणसाच्या मापाचे. पाच फुटी बाईला ते खांद्याशी येतं आणि तासाभरात मान-पाठ धरते. मग लोक म्हणतात, बाईला झेपत नाही! अहो, बाईला नाही, स्टँड झेपत नाही. आम्ही सुताराकडून स्टँड तिच्या मापाचा करून घेतला.

सगळे पैसे मशीनवर उडवू नका

मशीन आलं म्हणजे झालं, असं नाही. चक हवा, पन्हाळीसारख्या खोलगट पटाश्या हव्यात, त्यांना धार लावायला ग्राइंडर हवा. बोथट पटाशी कापत नाही, लाकूड ओरबाडते आणि हातातून निसटते. आम्ही पैशांचे सरळ दोन भाग केले. अर्ध्यात मशीन, अर्ध्यात बाकी सगळं. निम्मी रक्कम गटानं दिली. काहींनी ‘लाडकी बहीण’चे साठवलेले हप्ते त्यात घातले. उरलेल्यासाठी बँकेत मुद्रा कर्जाचा अर्ज केला. त्यात ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. घरात परंपरेनं सुतारकाम असेल त्यांनी २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेचीही चौकशी करावी. त्यात अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे.

पदर खोचून नाही, पदर काढून!

आता सर्वांत महत्त्वाचं. आपण ‘पदर खोचून कामाला लागा’ म्हणतो. इथे तेवढ्यानं भागत नाही. ओढणी, पदर, मोकळी वेणी, बांगड्या, लांब मंगळसूत्र यातलं काहीही फिरत्या लाकडात अडकलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. अंगाबरोबर बसणारा, आखूड बाह्यांचा कुडता आणि घट्ट अंबाडा. हातमोजेसुद्धा नकोत, तेही ओढले जातात. पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल आणि भुशासाठी एन-९५ मास्क हवाच. बटण दाबण्याआधी लाकूड हातानं एकदा फिरवून बघा आणि सुरू करताना त्याच्या समोर नाही, बाजूला उभ्या राहा. बंद करायचं लाल बटण पटकन हाताशी येतं का, हे दुकानातच बघा.

तिच्या सासूबाई मंगळसूत्र काढण्यावर अडून बसल्या होत्या. मी एवढंच म्हटलं, ‘‘काकू, कामापुरतं डबीत ठेवू दे. ज्याच्यासाठी घालायचं, तोच म्हणतोय काढ म्हणून.’’ दुसऱ्या दिवशी त्यांनीच डबी आणून दिली.

लाकडाबद्दल दोन शब्द. पडलेलं, छाटलेलं लाकूडच वापरा. शहरात झाड तोडायला पालिकेची परवानगी लागते. कण्हेरीचं लाकूड विषारी, ते अजिबात नको. ओल्या लाकडाचा वाडगा आधी जाडसर कातून ठेवायचा, ८ इंची असेल तर पाऊण-एक इंच जाड. काही महिने सावलीत सुकला की पुन्हा कातून बारीक करायचा. आपल्या वसईच्या दमट हवेत घाई केलीत तर तडा जाणारच. शेवटी खाद्यपदार्थाला चालणारं मिनरल ऑइल आणि मधमाश्यांचं मेण. गोडेतेल लावू नका, खवट वास येतो.

तिचा पहिला वाडगा एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ झाला. बुडाला बारीकशी चीरही आहे. विकण्यासारखा नव्हता, म्हणून तिनं तो गटाला दिला. आता दर महिन्याला हप्त्याचे पैसे आम्ही त्यातच गोळा करतो. गेल्या बैठकीत, गट सोडून गेलेली ती बहीण सहज म्हणून येऊन बसली होती. वाडगा हातात घेऊन उलटसुलट बघत होती. म्हणाली, ‘‘हे मशीन सिंगल फेजचंच आहे ना?’’

आम्ही सगळ्या खूप हसलो. पुढच्या महिन्यापासून ती पुन्हा हप्ता भरणार आहे.