सगळेच तातडीचे, तर आधी कोणते?

सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीने पात्र सोडले. धाराशिव जिल्ह्यातल्या परांडा आणि भूम तालुक्यांत गावांना पाण्याचा वेढा पडला. अडकलेल्यांना काढायला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, हेलिकॉप्टरही आणावे लागले.

अशा वेळी पावसाचा इशारा देतो हवामान विभाग, धरणाचा विसर्ग वाढवतो जलसंपदा विभाग, गाव हलवते महसूल खाते, रस्ता अडवतात पोलीस आणि वीज बंद करते महावितरण. सीना-कोळेगाव धरणातून सोडलेले पाणी तर पुढे सोलापूर जिल्ह्यात शिरते. त्यामुळे निरोपालाही जिल्ह्याची हद्द ओलांडावी लागते. २००५च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आले, तरी प्रत्येक खात्याची नोंदवही वेगळी, वरिष्ठ वेगळे आणि ‘तातडीचे’ म्हणजे काय याची समजूतही वेगळी.

निरोप पोहोचायला आता सेकंद पुरतो. घोडे अडते ते नंतर, आलेल्यांतला आधी कोणता उचलायचा यावर. त्याचे गणित आहे. समजा, नियंत्रण कक्षात बसलेला एक कर्मचारी तासाला सरासरी १० निरोप मार्गी लावतो आणि तासाला सरासरी ८ येतात. वरवर पाहता त्याला उसंत आहे. पण निरोप मोजूनमापून येत नाहीत, झुंडीने येतात, आणि एखादा निस्तरायला फार वेळ खातो. त्यामुळे आल्या क्रमाने घेतले, तर प्रत्येक निरोप सरासरी २४ मिनिटे ताटकळतो.

आता आठांतल्या एकालाच ‘तातडीचा’ शिक्का मारा. हातातले काम संपताच तो आधी घ्यायचा. त्याची सरासरी प्रतीक्षा सव्वापाच मिनिटांच्या आसपास येते. बाकीच्यांची जेमतेम २७ मिनिटांपर्यंत वाढते. सौदा फायद्याचा. पण आठांतल्या सहांवर शिक्का पडला, की तातडीचे निरोप १२ मिनिटे थांबतात आणि उरलेले दोन निरोप तासभर. आठही तातडीचे ठरले, की पुन्हा २४ मिनिटे. अग्रक्रमाच्या रांगांचा हा हिशेब ॲलन कोबम यांनी १९५४मध्ये मांडला. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६५मध्ये त्यामागचा नियम दाखवला: शिक्क्याने एकूण प्रतीक्षा घटत नाही, एकाची कमी होऊन दुसऱ्याच्या माथी जाते. म्हणून आपल्या कागदावर सरसकट ‘अत्यंत तातडीचे’ लिहिणारे खाते प्रत्यक्षात इतर खात्यांचा वेळ खर्चत असते.

मग शिक्का कुणी आणि कशावरून मारायचा? आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी २००४मध्ये एक सामायिक आंतरराष्ट्रीय नमुना ठरला. भारतातली ‘सचेत’ ही इशारा यंत्रणा त्याच नमुन्यावर चालते. त्यात ‘तातडी’ एकटी नसते. तीव्रता आणि खात्री यांचे रकाने वेगळे असतात. तातडीच्या पायऱ्याही ठरलेल्या: आत्ताच हालचाल करा, तासाभरात करा, नजीकच्या काळात करा. धरणातून आणखी पाणी सुटणार हे पक्के असेल, पण ते गावाच्या शिवारात यायला काही तास असतील, तर खात्री मोठी आणि तातडी कमी. ओढ्यात माणूस अडकल्याची ऐकीव बातमी आली, तर नेमके उलटे. शिवाय प्रत्येक इशाऱ्याला स्वतःचा क्रमांक असतो, मुदत संपण्याची वेळ नोंदवता येते, आणि आधीचा इशारा सुधारायचा किंवा रद्द करायचा तर त्याचा क्रमांक द्यावाच लागतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या विसर्गाच्या आकड्यांत नेमके हेच नसते. कालचा आकडा आज नवा होऊन येतो.

अनेक संस्थांमधून जाणाऱ्या कामाचे आराखडे काढायचीही एक प्रमाण पद्धत आहे. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत चालू कामाच्या चौकटीवर निरोपाचे वर्तुळ काढतात. अखंड रेषेचे वर्तुळ असेल, तर निरोप येताच हातातले काम थांबवायचे. तुटक रेषेचे असेल, तर ते चालू ठेवून जोडीला दुसरे सुरू करायचे. ‘पूल पाण्याखाली गेला’ हा निरोप बसफेरी थांबवतो. ‘निवारा केंद्रात दोनशे माणसे वाढली’ हा नाही, त्याने फक्त जादा शिधा निघतो. हा फरक कागदावर आधी ठरलेला नसेल, तर तो मध्यरात्री एखाद्या तलाठ्याला एकट्याने ठरवावा लागतो.

राहिली पोच. दोन निळ्या खुणा म्हणजे निरोप उघडला गेला, एवढेच. काम अंगावर घेतल्याची ती कबुली नव्हे. आणि कबुली आली, तरी ती आपल्याला मिळाली हे समोरच्याला कसे कळणार? बेभरवशाच्या वाटेवरून पोचेवर पोच कितीही पाठवली, तरी दोन्ही बाजूंची पुरी खात्री कधीच होत नाही, हे संगणकशास्त्राने १९७०च्या दशकातच दाखवून दिले. म्हणून शहाणी यंत्रणा खात्रीची वाट पाहत नाही, घड्याळ लावते. दहा मिनिटांत तहसीलमधून कबुली नाही, तर फोन प्रांताधिकाऱ्यांना. तरीही नाही, तर पोलीस ठाण्यातून गाडी थेट गावात.

दर उन्हाळ्यात जिल्ह्यात मान्सूनपूर्व आढावा होतो. बोटी, दोर, लाइफ जॅकेट मोजली जातात. त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी सर्व खात्यांच्या सह्यांनिशी ठरायला हव्यात: कोणत्या निरोपाने काम थांबेल, कबुली किती मिनिटांत यावी, आणि आली नाही तर पुढचा फोन कुणाला. यासाठी निधी लागत नाही. लागते ती आपल्या खात्याचा प्रत्येक कागद तातडीचा नसतो हे मान्य करण्याची तयारी.